तिला हाक मारू नका

माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीनंतर बाबांनी नाव काढलं आणि मी विड्याच्या पानांच्या वाडीत कामाला लागले. परीक्षेचं कोणी एवढं मनाला का लावून घेतं, ते मला कधी कळलं नाही. कळत नाही म्हणून नातीच्या वेळी मी गप्प बसले आणि मुलगा सांगेल तसं केलं. तिथेच चुकलं.

मुलगा बोईसरला कारखान्यात आहे, सूनही तिकडेच पॅकिंगला. जवळच सालवडला दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. नातीला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीनंतरच्या परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून वर्षभर अभ्यास करून ती पुन्हा द्यायचं ठरलं. बाप रात्रपाळी करून दिवसा झोपणार, शेजारी टीव्ही चालू. तिथे अभ्यास होईना. तिला एडवणला माझ्याकडे आणून सोडलं.

जाताना मुलगा म्हणाला, "आये, हिला काय काम सांगू नको. कोणाकडे बसायला पाठवू नको. शांतता पायजे."

मी शांतता दिली. मागची खोली दिली. चहा दारात ठेवायचा आणि निघायचं. शेजारणींना बजावलं, तिला हाक मारू नका. अंगणात विड्याची पानं निवडायला बायका बसायच्या, त्यांना लांब चिकूखाली बसवलं. चुलतघरी हळद होती, तिथेही तिला नेलं नाही. आठ महिने त्या घरात आम्ही दोघी होतो आणि दोघीही एकेकट्या. मला वाटायचं, शिकणाऱ्यांच्या घरात असंच असेल.

एका दुपारी शेजारची मुलगी नातीच्या नव्या चपला घालून आली. "ताईने दिल्या. घड्याळपण दिलं, ड्रेसपण."

मी उभीच राहिले. आदल्या वर्षी मीही वस्तू वाटल्या होत्या. तांब्याचा हंडा सुनेला, चांगली लुगडी भाचीला. माझ्या वयाची बाई का वाटते, ते सगळ्यांना ठाऊक असतं. अठरा वर्षांची पोर का वाटेल?

मी आत गेले. पुस्तक उघडं होतं आणि ती भिंतीकडे बघत होती.

"मरायचं हाय काय तुला?"

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "हो."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"काय लक्षात राहतच नाय, आजी. वाचते आणि पुसलं जातं. बाबा माझ्यासाठी रात्रपाळ्या करतात."

"तू जन्माला नव्हतीस तवापण तो रात्रपाळ्याच करायचा."

मग ती रडली. उपदेश मला येत नाही, मी केलाही नाही. पण तिला एकटं सोडलं नाही. हाताला धरून चिकूखाली नेलं.

"आली गो डॉक्टरीणबाय!" एक म्हातारी म्हणाली. "पालीसारखी पांढरी पडली हाय. बस, पानं निवड."

मुलाला फोन करून लगेच बोलावलं. आला तो कुजबुजतच. "आये, कोणाला बोलू नको. लोकं काय बोलतील?"

"लोकांचं नंतर बघ. पयला दवाखान्यात चल."

पालघरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्या दिल्या. दर आठवड्याला तिला बोलायला बोलावलं. आणि आम्हाला सांगितलं, हिला एकटी ठेवू नका. मुलाने तिला सालवडला नेलं, पण तिथे आईबापांच्या पाळ्या. म्हणून वाडी पुतण्याकडे सोपवून मीच तिकडे गेले.

मला तिथे करमत नाही. शेजारीण हिंदी बोलते. मी हिंदी बोलले की ती हसते. नात गोळ्या वेळेवर घेते. डॉक्टरकीचं सोडून साध्या कॉलेजात जाते. ती गेली की दिवसभर मी उंबऱ्यात बसून कंपन्यांच्या बसेस बघते. तिची यायची वेळ टळली की मी रस्त्यापर्यंत जाऊन बघून येते. हे मी कोणाला सांगत नाही.

गेल्या महिन्यात तिचा निकाल लागला. बॅग पाठीवरून उतरवायच्या आधी ती दारातून म्हणाली, "आजी, एका विषयात उडाले."

शेजारणीलाही ऐकू गेलं असेल.

"बरं," मी म्हटलं. "हातपाय धू. बोंबील केलेत."

जेवताना ती पुष्कळ रडली. पण दोन भाकऱ्या खाल्ल्या.