हरलेल्यांचे मामा

जगात आजवर जेवढ्या लढाया हरल्या गेल्या, त्या सगळ्यांचं सुतक एकट्याने पाळणारा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जिंकणाऱ्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. भारत मॅच जिंकला की हा गृहस्थ टीव्ही बंद करून गवत कापायला जायचा, आणि हरला की आठवडाभर घरात पावलं हळू टाकायचा. कुणाच्या पोराला नोकरी मिळाली तर ‘बरं झालं’ एवढ्यावर भागायचं, पण कुणाचा इंटरव्ह्यू हुकला की मामा स्वतः फोन करून कोणत्या प्रश्नावर फळी कोसळली ते खोदून खोदून विचारणार आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणणार, "थोडक्यात गेलं हो." त्यामुळे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मामांना फार मान होता. अपयशी माणसाने त्यांच्याकडे जावं आणि आपण नुसते आपटलो नसून धारातीर्थी पडलो आहोत, अशा समाधानाने परत यावं.

मामा मूळचे नागपूरचे. ऐन तरुणपणी अमेरिकेत आले आणि जन्मभर पूल बांधत राहिले. पूल बांधणाऱ्याला नद्या, चढ आणि वळणं दिसतात; मामांना हळूहळू त्यांवरून माघार घेणारी सैन्यं दिसायला लागली. कारण इथे अमेरिकेच्या दक्षिणेत राहायला आल्यावर त्यांना शोध लागला की आपल्या घराच्या आजूबाजूला एक अख्खा देश हरलेला आहे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतून फुटून निघालेला, स्वतःची राजधानी, स्वतःची घटना, स्वतःच्या नोटा असलेला आणि जेमतेम चार वर्षांत बुडालेला देश. मराठी माणसाला याहून मोठं घबाड सापडणं शक्य नाही. पानिपत होऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्याकडे अजून कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवताना ती लढाई पुन्हा लढली जाते आणि दर वेळी आपण थोडक्यात हरतो. हत्तीवरून उतरायला नको होतं, बाजारबुणगे बरोबर न्यायला नको होते, हे आपल्याला शेजाऱ्याच्या घरातल्या भांडणाइतकं बारकाईने ठाऊक असतं. मामांनी ती सगळी हळहळ उचलली आणि या परक्या मुलखातल्या हरलेल्यांच्या पदरात घातली. हरला तो आपला, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो देश फुटला होता माणसांना गुलाम म्हणून बाळगण्याचा हक्क राखण्यासाठी, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. "हो, गुलामगिरी होतीच, पण..." असं म्हणून ते पुढे सरकायचे आणि थेट तोफखान्यापाशी थांबायचे.

ते बोलायला लागले की मात्र ऐकत राहावंसं वाटायचं. आमचं गावातलं मराठी मंडळ एकदा गणपतीच्या आरतीत माईक कोणी धरायचा यावरून फुटलं आणि एका गावात दोन गणपती बसले. फुटून निघालेल्यांनी मामांना मोठ्या आशेने सल्ला विचारला. मामा म्हणाले, "अरे बाप्पा, फुटणाऱ्यांचा झेंडा आधी शिवून होतो, जेवणाची सोय मागाहून आठवते. मी तुम्हाला यादवीचा अनुभव सांगून राहिलो." मग त्यांनी त्या बुडालेल्या देशाची सगळी कुंडली मांडली. त्याने एवढ्याशा आयुष्यात झेंडा दोनदा बदलला, आणि मधला तर इतका पांढरा होता की वारा पडला की शरण आल्यासारखा दिसायचा. एका राज्याच्या रेल्वेची रुंदी दुसऱ्याच्या रुळांना जुळायची नाही, म्हणून धान्य स्टेशनात सडायचं आणि सैन्य उपाशी राहायचं. आमच्याच नॉर्थ कॅरोलायनाने गणवेशाचं कापड आपल्या पोरांसाठी राखून ठेवलं आणि शेजारच्यांची पोरं फाटक्या अंगाने लढली. केंद्राचं ऐकायचं नाही म्हणून जे फुटले, ते नव्या केंद्राचं तरी कशाला ऐकतील, असा त्यांचा सवाल होता. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याच संध्याकाळी जुन्या मंडळात परत गेले आणि मामा उरलेल्या निम्म्यांबरोबर राहिले, कारण आता ते हरणार हे नक्की होतं.

जेवायला बसल्यावर तर त्यांच्या ताटाचं रणांगण व्हायचं. पापड म्हणजे टेकडी, आमटीची वाटी म्हणजे नदीचं वळण, आणि लोणच्याची फोड म्हणजे दक्षिणेचा तो नामांकित सेनापती, ज्याने जंगलातून वळसा घालून शत्रूची बगल गाठली आणि त्याच संध्याकाळी अंधुक उजेडात स्वतःच्याच शिपायांच्या गोळ्यांनी घायाळ झाला. फोड पापडाच्या मागून निघाली की आम्हाला कळायचं, आता मामांचा आवाज बसणार. "जावईबापू, अर्धा तास, फक्त अर्धा तास जर उजेड राहिला असता," असं म्हणून ते डोळे टिपायचे. मामी होत्या तोवर यावर औषध होतं. "आधी वरणभात संपवा, मग काय मरायचं ते मरा," असं म्हणून त्या सेनापतीला उचलून स्वतःच खाऊन टाकायच्या. मामी गेल्या आणि तो सेनापती कोणी आवरेना. तेव्हापासून जेवणं लांबत गेली आणि मामांचा ‘जर’ही. आम्ही मात्र दर रविवारी जात राहिलो. खरं सांगायचं तर या देशात मला वडीलधाऱ्या माणसाचं घर असं तेवढंच एक होतं.

डरहॅमजवळ एका शेतकऱ्याचं साधं लाकडी घर आहे. युद्धाच्या अखेरीस दोन्हीकडचे दोन सेनापती तिथे भेटले आणि दक्षिणेचं एक फार मोठं सैन्य शरण आलं. घरच्या मंडळींना तेवढा वेळ मागच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागलं होतं. मूळचं घर पुढे जळालं, धुराडं तेवढं उभं राहिलं, आणि नंतर दुसरीकडचं जुनं घर आणून त्याच्या अंगाला बसवलं. भारतातून कुणाचेही आईवडील आले की मामा त्यांना आधी इथे आणायचे. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या मावश्या आणि कानटोपीवाले काका, ज्यांचा जीव खरं तर आउटलेट मॉलमध्ये अडकलेला असायचा, ते त्या धुराड्यासमोर शाळेच्या सहलीसारखे उभे राहायचे. मामा दारापर्यंत खणखणीत बोलायचे. उंबरठ्यावर आले की "आणि इथं ते हरले" एवढं म्हणून ते रुमाल काढायचे. एखादी मावशी मग हळूच विचारायची, "यांचं कोणी गेलं का हो त्यात?"

मामांना एकच मुलगी, नेहा. इथेच जन्मलेली, अटलांटात वकिली करणारी, बापासारखीच बोलायला लागली की न थांबणारी. तिने मार्कसशी लग्न ठरवलं तेव्हा मामा मनापासून खूश झाले. मार्कसची माणसं दक्षिणेतल्याच जॉर्जिया राज्यातली, काळी, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. सोयरीक जमायची म्हणून ती सगळी मॉरिसव्हिलला जेवायला आली. बरोबर मार्कसची आजी होती, मिस रूथ, शाळेतून निवृत्त झालेली, ताठ पाठीची आणि भरल्या वांग्यांवर बेहद्द खूश झालेली बाई. पाहुण्यांना आपल्या घरातलं सर्वांत उत्तम ते वाढावं, ही मामांची रीत. त्यांनी पापड आडवा ठेवला.

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, नेहा म्हणाली, "बाबा, प्लीज, नॉट टुडे." पण फोड निघाली होती. आपण ऐकवतो आहोत कुणाला, याचं भान त्या भल्या माणसाला नव्हतं. त्यांच्या लेखी ते दक्षिणेतल्या माणसांना दक्षिणेचंच दुःख वाढत होते. जंगल झालं, वळसा झाला, अंधार पडला. "जर अर्धा तास उजेड राहिला असता तर तो वाचला असता, आणि तो जर वाचला असता तर ते जिंकले असते," असं मामा इंग्रजीत म्हणाले आणि डोळ्यांना रुमाल लावला. मिस रूथने काटा खाली ठेवला. आवाज अजिबात न चढवता तिने विचारलं, "आणि ते जिंकले असते तर, आत्ता या क्षणी मी कुठे बसले असते?"

लोणच्याची फोड मामांच्या बोटांत तशीच राहिली. इतकी वर्षं त्यांनी त्या युद्धातला प्रत्येक ‘जर’ उलटापालटा करून पाहिला होता आणि हा एवढा एक कधी हातात घेतला नव्हता. मिस रूथने नंतर वांग्यांचं पुन्हा कौतुक केलं, तिच्या बाजूने तिने तो विषय संपवला. नेहाच्या बाजूने तो संपला नाही. स्वयंपाकघरात ती बापाला म्हणाली, "यू क्राय फॉर देम, बाबा. मी लहानपणापासून बघतेय. मिस रूथ्स पीपल वेअर देअर टू. त्यांच्यासाठी कधी रडलात?"

लग्न झालं, मामा जाऊन आले, पण पाहुण्यासारखे. पुढे नेहाला मुलगी झाली, ती मामांनी फोटोत पाहिली. फोन दिवाळीला आणि वाढदिवसाला यायचा, तोही घाईचा. मामा दर रविवारी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन मागच्या डेकवर बसायचे आणि आम्ही गेलो की तो खिशात टाकून "या जावईबापू" म्हणायचे. पुस्तकांच्या कपाटाला त्यांनी हात लावणं सोडलं. जेवताना ते पापड नुसता मोडून खायला लागले, तेव्हा मात्र आम्हाला खरोखर काळजी वाटली. एकदा मी मुद्दाम लोणच्याची फोड त्यांच्या वाटीमागे सरकवली, तर त्यांनी ती मुकाट्याने भाताबरोबर खाल्ली. मुलीवाचून त्या माणसाला करमत नव्हतं आणि ते बोलायला त्यांच्याकडे एकही लढाई उरली नव्हती.

मग एके दिवशी मामा कोणालाही न सांगता गाडी घेऊन निघाले. भरल्या वांग्यांचा डबा कूलरमध्ये ठेवून हा सत्तरीचा गृहस्थ दिवसभर ड्राइव्ह करत जॉर्जियात मिस रूथच्या दारात जाऊन उभा राहिला. वाटेत त्यांनी माफीचं इंग्रजी भाषण जुळवलं होतं. पहिलं वाक्य अर्धं झालं असेल, तोच तिने त्यांना व्हरांड्यात बसवलं, मांडीवर शेंगांचं भांडं दिलं आणि सोलायला सांगितलं. त्या दुपारी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, मामा ऐकत होते आणि दुसरं कोणी सांगत होतं. तिच्या आजीच्या आजीची गोष्ट होती ती. युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा ती बाई मालकाच्या घरी इस्त्री करत होती. तिने इस्त्री खाली ठेवली, दाराबाहेर पडली आणि चालायला लागली. तिच्या दोन मुली मालकाने लहानपणीच वेगवेगळ्या गावी विकल्या होत्या, त्यांना शोधायला.

"सापडल्या का?" मामांनी विचारलं.

"एक सापडली," मिस रूथ म्हणाली, "मी तिच्या वंशातली."

मामांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रुमाल काढला नाही. बाई चालत निघाली होती, मी तर गाडीने गेलो, एवढंच ते पुटपुटले. तिकडे मिस रूथ आत जाऊन फोनवर नेहाला म्हणाली होती, "तुझे वडील माझ्या व्हरांड्यात बसलेत. माणूस चांगला आहे, पण शेंगा सोलणं त्याच्या हातून व्हायचं नाही. येऊन घेऊन जा." आणि नेहा आली. तिथे बापलेकीत काय बोलणं झालं ते मामांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या वसंतात नेहा छोटीला घेऊन मॉरिसव्हिलला आली आणि मामा आम्हा सगळ्यांना त्या शेतकऱ्याच्या घरी घेऊन गेले. दारापर्यंत नेहमीसारखेच खणखणीत बोलले. उंबरठ्यावर आल्यावर मी सवयीने मान खाली घातली. मामा म्हणाले, "इथं ते हरले." मग म्हणाले, "बरं झालं. त्यांची बातमी ऐकून कुठंतरी एका बाईनं इस्त्री खाली ठेवली." नेहाने त्यांच्या दंडात हात घातला. छोटीला त्या धुराड्यावर चढायचं होतं आणि मामा, पुलांचे इंजिनिअर, तिला ते का पडेल हे समजावून सांगण्यात पार गुंतून गेले.

आता मामा अटलांटात लेकीच्या घराजवळ राहतात. मॉरिसव्हिलचं घर एका नव्या कुटुंबाने घेतलंय, डेकवर त्यांच्या सायकली असतात. रविवारी मामांचा फोन येतो, पण मागे छोटी ओरडत असते, म्हणून घाईचा असतो. तिने आजोबांना पापडाचे तुकडे मांडून फक्त जिराफ करायला शिकवलंय. कुणाचे आईवडील भारतातून आले की हल्ली त्या धुराड्याच्या घरी मी घेऊन जातो, आणि मामांच्या निम्म्यानेही रंगवून सांगता येत नाही.

परवा माझेच आईवडील आले होते, त्यांनाही तिथे नेलं. ते दोघं मॉलची वेळ विचारत गाडीकडे निघाले आणि मी एकटाच धुराड्यासमोर राहिलो. मामांची फार आठवण आली. नेहाने जर तो अबोला धरूनच ठेवला असता, तर मामा अजून इथेच असते, दर रविवारी आपल्याला एक घर असतं, असं मनात येऊन गेलं. आणि त्या घराची किंमत डेकवर फोन मांडीवर घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने भरली असती, हे ध्यानात आल्यावर मी मुकाट्याने गाडीत जाऊन बसलो.