आकाशजहाजातली पंगत

मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, अशी बोलणी घरोघर चालली होती तेव्हाची गोष्ट. आमचे हे उज्जैनला कारकून होते, पण मन सगळं आकाशात. ताऱ्यांवर माल नेणाऱ्या जहाजाची कथा त्यांनी एका दिवाळी अंकाला धाडली, ती दोनदा परत आली. दुसऱ्या वेळी संपादकांनी लिहिलं, "जहाज पटत नाही. आता शेवटचं एकदा पाहीन."

हे फार खचले हो. संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि हे कथा वाचून दाखवत होते. जहाजात काय नव्हतं! देवघर, सोवळ्याचं स्वयंपाकघर, शंभर पानांची पंगत बसेल असं दालान.

"अहो, पण इंधन कुठे ठेवलंत?"

"आहे ना, मागच्या कोठडीत."

मला तर हसूच आलं. माझे वडील लढाईच्या दिवसांत उज्जैन-आगर बस चालवत. पेट्रोल मिळेना, म्हणून बसच्या मागे कोळशाची भट्टी लावलेली, तिच्या गॅसवर बस चाले. टपावर पोती, मागच्या दोन बाकांवर पोती. लोक ओरडायचे, "ड्रायवर साब, सवारी बैठाओगे या कोयला?" वडील म्हणायचे, "कोयला उतार दूँ, तो धक्का आप लगाओगे?"

मी कणकेच्या गोळ्याचे चार भाग केले आणि तीन बाजूला सरकवले. "हे इंधन. उरलेल्यात तुमची माणसं आणि माल."

"एवढ्याशा जागेत धंदा काय करणार, कपाळ?"

"केशर न्या. वजनाला हलकं, भावाला जड."

"आणि परतीचं इंधन?"

"माहेरी जाताना परतीची शिदोरी कुणी नेतं का? ती तिकडून मिळते."

"आणि नाही दिली तर?" असं त्यांनीच विचारलं. मग पेन उघडलं. माझी पोळी तव्यावर करपली. मी त्यांच्याकडेच बघत बसले होते ना.

पंगत काढून टाकणं मात्र त्यांच्या जिवावर आलं. शेवटी एक स्टोव्ह आणि चार पाट यावर तडजोड झाली.

दसऱ्याआधी पोस्टकार्ड आलं. कथा घेतली होती! खाली एक ओळ होती: इंधनाचं कोणत्या इंजिनियरला विचारलंत?

ह्यांनी लगेच उत्तर लिहून माझ्यापुढे धरलं. "घरीच विचारलं. चौथीपर्यंत शिकल्या आहेत, वडील बस चालवायचे."

"अहो, चौथी कशाला लिहिलीत?" मी म्हटलं.

पण हे ते खोडायला निघाले, तर मीच त्यांचा हात धरला.