नॉर्वेच्या म्हाताऱ्याचं पान

धोंडाबाईंना धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. हे सांगणाऱ्या डॉक्टरांची आणि धोंडाबाईंची फारशी ओळख नसावी. धक्का बसणं हा या बाईचा जन्माचा छंद होता. शेजारणीनं वरणाला वेगळी फोडणी दिली तरी ह्या "अगं बया बया!" म्हणून कपाळावर हात मारणार आणि ती फोडणी अख्ख्या वडिवळे गावाला ऐकवून येणार. आता सत्तरी ओलांडल्यावर ही खोड कुठून जायची?

आषाढात त्यांच्या छातीत कळ आली. मुलानं, उमेशनं, त्यांना तळेगावच्या दवाखान्यात नेलं. त्या तिथं नळ्या लावून पडलेल्या असतानाच टाकव्याला त्यांची धाकटी बहीण, सरूबाई, झोपेतच गेली. उमेश मातीला जाऊन आला आणि घरात त्यानं हुकूम काढला, आईला एवढ्यात कुणी काही सांगायचं नाही. शेजारपाजाऱ्यांनाही त्यानं हात जोडून सांगून ठेवलं. हुकूम सोडून तो कंपनीत पाळीला निघून गेला. रोज खोटं बोलायचं काम पडलं ते मंगलच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या गळ्यात. पुरुषांचे हुकूम बहुधा असेच बायकांच्या जिवावर पाळले जातात.

सरूबाईंना फोनवर ऐकू यायचं नाही, ही एक सोय झाली. दोघी बहिणींचे निरोप आधीपासूनच कामशेतच्या आठवडे बाजारातून जायचे. सरूबाईंची सून नंदाबाई तिथं भाजी घेऊन बसायची. मंगल बाजाराला निघाली की धोंडाबाई अजूनही निरोप द्यायच्या आणि संध्याकाळी ओट्यावर उत्तराची वाट बघत बसायच्या. मंगल उत्तर रचून आणायची. "मावशींचे गुडघे दुखतात. खरवड खाऊ का विचारत होत्या." हे ऐकून धोंडाबाई खूश. भाताच्या पातेल्याच्या बुडाला लागलेली खरपूस खरवड म्हणजे सरूबाईंचा जीव की प्राण. लहानपणी दोघी त्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

हे एक दिवस फुटणार, मंगलला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी एक तर सासूबाई जातील, नाहीतर त्यांचा आपल्यावरचा विश्वास जाईल. या धाकानं बाजारातून परतताना ती आपलं उत्तर दहादा घोकून बघायची.

मालिकांत फार रडारड असते म्हणून उमेशनं टीव्हीही बंद करून टाकला. मग बाईनं दिवसभर करायचं तरी काय? मंगल लोणावळ्याला एका बंगल्यावर साफसफाईला जायची. बंगल्यात पुस्तकांनी भरलेलं कपाट होतं. देशोदेशीच्या कादंबऱ्या, मराठीत आणलेल्या. वाचा आणि जागच्या जागी ठेवा, एवढंच मालकीणबाईंचं म्हणणं होतं. बारावी झालेल्या मंगलनं एक पुस्तक पिशवीत घालून आणलं आणि घरचं आवरल्यावर सासूला वाचून दाखवायला बसली.

आणि इथंच डॉक्टरांचा सगळा सल्ला बोंबलला.

आयर्लंडातली माणसं सकाळ-संध्याकाळ बटाटाच खातात, हे ऐकून धोंडाबाई उठूनच बसल्या. "अगं बया! आन् पोट गच्च न्हाई व्हत?" जपानातली म्हातारी चिखलात वाकून भाताची लावणी करते, हा तर जबरदस्त धक्का. भात फक्त मावळात होतो असं नव्हे, पण इतक्या लांबच्या बाईचीसुद्धा कंबर आपल्यासारखीच धरते, याचं त्यांना भारी नवल वाटलं. केनियातल्या गोष्टीत नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला गाई मोजून दिल्या. धोंडाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

"पोरीच्या बापाला? पुन्यांदा वाच."

मंगलनं पुन्हा वाचलं.

"हे सरूला सांग. सांगच."

पुढच्या बाजारानंतर मंगलनं उत्तर आणलं. "मावशी म्हणाल्या, मग आपला बा तिकडंच का न्हाई ऱ्हायला?" धोंडाबाई हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. सरूचा हा विनोद त्यांनी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला. ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरायचे, ते काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

अडचण एकच होती. या परदेशी पुस्तकांत माणसं फार मरत. आयर्लंडची पोर बोटीवर तापानं गेली. केनियातला मुलीचा बाप गेला. जपानची म्हातारी तर नवा भात घरात यायच्या आदल्या दिवशीच गेली. मंगलच्या कानात डॉक्टर बोलत होते. तिनं डोळे पानावर ठेवले आणि तोंडानं सरळ पोरीचा ताप उतरवला, बापाला खडखडीत बरं केलं, आणि जपानच्या म्हातारीला नव्या भाताचा घास भरवला. एकदा सवय लागली आणि मग तिच्या वाचनात कुणी मरेचना. "लय चांगला मुलूख हाय," धोंडाबाई म्हणायच्या. कुठला मुलूख, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

भाद्रपदात सलग सुट्ट्या आल्या. लोणावळ्यात गाड्यांची कोंडी झाली आणि मंगल बंगल्यावर अडकली. नॉर्वेचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. धोंडाबाईंना दम निघेना, म्हणून नात हर्षदा वाचायला बसली. तिला आईची ही कारागिरी ठाऊकच नव्हती. ती कॉलेजात वाचावं तसं घडाघडा वाचत गेली. नॉर्वेचा म्हातारा कुत्र्याला शोधायला बर्फात गेला, आणि गोठून मेला.

"मेला?" धोंडाबाई म्हणाल्या.

"मेला ना, आजी. हे बघ, लिहिलंय."

"न्हाई मरायचा. फुडं बघ. तुजी आई वाचती तवा शेवटाला उठत्यात सगळी."

पुढं कुणी उठलं नाही. मग जपानचं पुस्तक अजून फळीवरच होतं, ते धोंडाबाईंनी काढायला लावलं. हर्षदानं शेवटचं पान वाचलं. म्हातारी मेलेली होती.

संध्याकाळी मंगल दमून दारात आली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"मंगल, कोन कोन मेलं?"

तिच्या अंगातून वीजच गेली. मावशींचं कळलं, असंच तिला वाटलं. मग सासूच्या मांडीवरचं पुस्तक दिसलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं खाली मान घालून आयर्लंड, केनिया, जपान सगळं सांगून टाकलं.

धोंडाबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "परवा सर्वपित्री हाय. त्येंची पानं वाढायची."

रात्री जेवताना हे ऐकून उमेशला घास गिळवेना. "आई, ती पुस्तकातली माणसं! खोटी असतात!"

"मी त्येंच्यात दोन म्हैनं ऱ्हायले. ज्याच्या मागं कुनी न्हाई त्याला सर्वपित्रीला घास ठिवत्यातच. तुज्या बापानंबी ठिवला असता."

सर्वपित्रीला पहिलं पान उमेशच्या वडिलांचं, महिपतींचं वाढलं. मग परदेशची पाहुणे मंडळी. आयरिश पोरीला बटाट्याची भाजी ढीगभर. केनियाच्या बापाला खिरीवर जास्तीचं दूध, कारण गडी गाई राखणारा. जपानच्या म्हातारीला घरच्या इंद्रायणी तांदळाचा मऊ भात. नॉर्वेच्या म्हाताऱ्याला भजी कढईतून थेट पानावर. "थंडीनं मेलाय त्यो, गार वाढू नका." हर्षदाला हसू आवरत नव्हतं. उमेश पानं उचलून पडवीच्या पत्र्यावर ठेवून आला आणि कावळ्यांना हाका मारू लागला. गावानं विचारलं तर काय सांगायचं, हा घोर त्याला होताच.

"अजून एक पान घे," धोंडाबाई मंगलला म्हणाल्या.

मंगलनं केळीचं पान पुसलं. "हे कुणाचं, आत्या? सगळे झाले की."

"तू सांग."

मंगलनं वर बघितलं. सासूबाई तिच्याकडंच बघत होत्या.

"परक्या मुलखातल्या म्हातारीला तू मरू दिलं न्हाईस. मंग घरातल्या मानसाला कशी मरू देशील? ते पुस्तक मिटल्यापास्नं ह्येच डोक्यात हाय माज्या. वाढ. ज्याचं आसंल त्याचं वाढ."

मंगल चुलीपाशी गेली, भाताचं पातेलं तिरकं केलं आणि उलथण्यानं बुडाची खरवड खरवडून काढली. ती आणून तिनं पानाच्या मधोमध ठेवली.

धोंडाबाईंनी खरवडीकडं बघितलं.

"कवा?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. झोपेत गेल्या, आत्या. काही त्रास झाला नाही. हे खरं सांगते."

"आन् आपला बा तिकडंच का न्हाई ऱ्हायला, हे कोन बोललं?"

"मीच."

मंगल वाट बघत राहिली. आता "अगं बया" येणार, कपाळावर हात बसणार, छातीत कळ येणार. तिनं हर्षदाला खुणेनं गोळ्या आणायला पाठवलंसुद्धा. पण आयुष्यभर फोडणीच्या नि बटाट्याच्या नावानं गाव डोक्यावर घेणारी ही बाई आज खरा धक्का बसल्यावर भिंतीला टेकून नुसती बसून होती, आणि डोळ्यांतलं पाणी लुगड्यावर पडत होतं तेही पुसत नव्हती. मंगल आयुष्यात कधी एवढी भ्यायली नव्हती.

शेवटी धोंडाबाईंनी हात पुढं करून पान आपल्याकडं ओढलं.

"हुबेहूब तिच्यावानी बोललीस, पोरी," त्या म्हणाल्या. "आता पातेलं आन हिकडं. एवढ्याशा खरवडीनं सरूचं भागत न्हाई."