चिखलदऱ्याच्या झाडाचा डाक्टर

मेडशीत माणूस आजारी पडला तर चार जणांना विचारतात. पीक आजारी पडलं तर एकट्या गोविंदा अंभोऱ्याला. सोयाबीनचं पान, मिरचीचं पान, जे काही पिवळं पडेल ते तोडून लोक सरळ त्याच्या ओसरीवर येतात. गोविंदा पान उलटं करतो, नाकाशी नेतो, एक डोळा मिटतो आणि रोगाचं नाव सांगून मोकळा होतो. चाळीस वर्षांत 'मले माहीत नाही' असं त्याच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. औषध लागू पडलं की लोक डाक्टरचं नाव घेतात, नाही पडलं की पावसाला शिव्या देतात. मोठं सुखाचं चाललं होतं बिचाऱ्याचं.

घरात मात्र या डॉक्टरकीला काडीची किंमत नव्हती. बायकोचा, विमलबाईचा, गुलाब त्याने मावा पडला म्हणून फवारला, तो आठव्या दिवशी वाळला. मग जास्वंदीला बाळंतिणीसारखी धुरी दिली, तीही गेली. तेव्हा विमलबाईने त्याला हात जोडून सांगितलं होतं, "तुमी बाहेरचेच पेशंट पाहा बाप्पा. माह्या झाडाले हात लावसान त जेवाले वाढणार नाही."

भादव्यात बचत गटाच्या बायांनी गाडी केली आणि चिखलदरा पाहून आल्या. विमलबाई साठीला टेकलेली. नवऱ्याला मागे ठेवून केलेला तिचा हा जन्मातला पहिला प्रवास. शेजारची मोतीबाई बाजूच्या सीटवर. दोघींनी धुकं पाहिलं, भजी खाल्ली, पोट दुखेपर्यंत हसल्या, आणि चहाच्या टपरीमागच्या ओल्या भिंतीतून दोघींनी मिळून एक झाड उपटून आणलं. एकीने पहारा केला, दुसरीने डोक्यातल्या पिनेने उकरलं. टपरीवाला म्हणाला, हा नेचा, याला ना फूल ना फळ. मोतीबाईच्या दारात बकरी, म्हणून झाड विमलबाईकडे ठेवायचं ठरलं. तिने ते रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं आणि न्हाणीजवळ, पाण्याच्या रांजणाच्या आडोशाला ठेवलं. मोतीबाई रोज सकाळी त्याला पाहायला यायची, आणि मग दोघींचं चिखलदरा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. गोविंदाला ती सहल आता पाठ झाली होती.

पंधरा दिवसांनी त्या झाडाच्या मधोमध काहीतरी वर आलं. देठ तांबूस, लवदार, आणि टोकाला गच्च गुंडाळी. गोविंदाला ते अंघोळीला जाताना दिसलं. त्याने एक डोळा मिटला. चुरडामुरडा! मिरचीची पानं अशीच आकसून वळतात, आणि एका झाडावर आला की बघता बघता सगळं वावर खातो. आता बायकोला सांगावं तर जेवण बंद. न सांगावं तर झाड मरतं. गोविंदाने इकडेतिकडे पाहिलं, गुंडाळी खुडली आणि रोग पसरू नये म्हणून पाणी तापवायच्या चुलीत टाकली. चार दिवसांनी दुसरी आली, तीही चुलीत गेली. रोग चिवट होता, पण डाक्टर त्याहून चिवट. महिनाभर त्याने पहाटेची ही ड्यूटी चुकवली नाही. आपण चोरून एक जीव वाचवतो आहोत, या विचाराने त्याला अंघोळीआधीच स्वच्छ वाटायचं.

इकडे झाडाची जुनी पानं एकेक वाळायला लागली आणि नवीन एकही येईना. विमलबाईने खाली वाकून पाहिलं, तर देठ खुडलेले. तिने सरळ मोतीबाईचं दार गाठलं.

"मोती, तुही बकरी माह्यं झाड खाऊन राह्यली."

"माही बकरी? अवं, थे त घराबाहेर जात नाही!"

"मंग कोनं खाल्लं? म्या खाल्लं?"

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मोतीबाईने बकरी दाव्याने खुंट्याला बांधली आणि विमलबाईशी बोलणं सोडलं. बकरी दिवसभर कोकलायची आणि दोन्ही घरच्या बाया न ऐकल्यासारखं करायच्या. सकाळचं चिखलदरा बंद पडलं. विमलबाई जेवण वाढताना भिंतीकडे पाहत बसायची. गोविंदाला वाईट वाटायचं. पण खरं सांगावं तर झाडाला हात लावला म्हणून भाकरी जाणार, आणि शिवाय रोग अजून हटलेला नव्हता.

मग सोयाबीनचं पोतं उचलताना त्याची कंबर धरली. धरली म्हणजे अशी, की दोघांनी उचलून बाजेवर टाकलं. बाज मागच्या अंगणात, समोर न्हाणी, आणि समोरच्या बादलीत उभी नवी गुंडाळी! विमलबाई वावरात गेली की गोविंदा तुरीची वाळकी काडी, तुराटी, लांबवून गुंडाळीला ठोसायचा प्रयत्न करायचा. तुराटी वीतभर कमी पडायची. "वाढ लेका," तो गुंडाळीला म्हणाला, "उठू दे मले, मंग पाहातो."

उठता येईना, तेव्हा पाहणंच आलं. पहिल्या दिवशी ती गुंडाळी बंद मुठीसारखी होती. दुसऱ्या दिवशी सैल झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक गुंडाळ्या दिसल्या, आणि त्यांच्या आत आणखी बारीक, नीट क्रमाने लावलेल्या. गोविंदा श्वास रोखून पाहत होता. कोणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं, आणि ते आपसूक उलगडत होतं. उन्हाच्या तिरिपेत त्यावरची तांबूस लव चमकायची. चौथ्या दिवशी सकाळी मान वर करून पाहतो तर हातभर लांब, कोवळं, पोपटी पान रांजणावर झुकलेलं.

गोविंदाने तुराटी बाजेखाली टाकली. रोग नव्हता तो. झाडाचं बाळ होतं, आणि त्याने महिनाभर एकेक करून चुलीत घातलं होतं. त्याला रडू आलं. चाळीस वर्षं पानं पाहिली, ती सगळी आजारीच पाहिली. चांगलं पान कसं येतं हे एकदाही बसून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात विमलबाई आली. पान पाहून तिने हातातला विळा तिथेच टाकला. किती दिवसांनी हसली! आणि लगेच तिचा आवाज चढला. "पाह्यलं? बकरी बांधली अन् पान आलं! आता त कबूल करन ना थे मोती. आत्ता जातो अन् तिले सांगतो."

गोविंदा वाचला होता. नुसतं गप्प राहायचं होतं. तशी कंबरही दुखत होती.

"अवं थांब," तो म्हणाला. "बकरीनं नाही खाल्लं. म्या खुडलं."

"तुमी खाल्लं?"

"खाल्लं नाही. जाळलं. मले वाटलं, रोग होये."

विमलबाई ओरडेल, असं त्याला वाटलं. ती ओरडली नाही. तिने भिंतीला टेकवलेली काठी आणून त्याच्या हातात दिली. "चाला. मोतीच्या दारात सांगा हेच."

चाळीस पावलांची वाट, त्याला पाऊण तास लागल्यासारखी वाटली. त्यात गावातला दौलतसिंग भेटला, हातात मिरचीचं पान. "डाक्टर, हे काय होये पाहा बरं." गोविंदा थांबला. एक डोळा मिटायला गेला आणि दोन्ही उघडेच राहिले. "मले माहीत नाही," तो म्हणाला. दौलतसिंगला वाटलं, कंबरेचा ताप डोक्यात गेला.

मोतीबाईच्या दारात त्याने सगळं सांगितलं, चुलीसकट. मोतीबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खुंट्याकडे गेली, बकरीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि विमलबाईच्या हातात ठेवलं.

"घे माय. बकरी सुटली. आता याहिले बांधत जाय."

दोघी एकमेकींकडे पाहून अशा हसायला लागल्या, की बकरीसुद्धा थबकून बघायला लागली. मध्ये काठीवर उभा गोविंदा. त्यालाही हसायचं होतं, पण कंबर हसू देईना.

ते दावं आता न्हाणीच्या खिळ्याला टांगलेलं आहे. परवा गोविंदाने त्या पानाची खालची बाजू पाहिली. तांबूस तांबूस ठिपके, ओळीने, कोणी नीट क्रमाने लावल्यासारखे! सोयाबीनवर असं दिसलं की तो झोपेतही सांगेल, तांबेरा. हात पुढे गेला.

"दावं!" चिखलदऱ्याच्या गोष्टीत भज्यांपर्यंत आलेली विमलबाई मोतीबाईशेजारून ओरडली.

गोविंदाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि बाजेवर जाऊन बसला. "असू दे," तो म्हणाला. "काय होते थे पाहू."