कोपऱ्यातली काठी

नऊ जून. चार पायांची काठी धुवायला घेतली आहे. साबण, जुना ब्रश आणि बादलीभर पाणी. खालची चारही रबरं झिजलीत, ती बदलायची आहेत. मुठीवर काळा मळ बसलाय, तो घासूनही निघत नाही. काठी दवाखान्याची, म्हणून परत आली. जिच्या हातात होती ती म्हातारी आता नाही.

"हात मेला, जीभ नाई मेली माही." पहिल्या दिवशी माझ्या खोलीत शिरताना ती हेच म्हणाली. मी फक्त नाव विचारलं होतं.

माझं माहेर वरोऱ्याचं आणि नोकरी जंगलातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. मी फिजिओथेरपिस्ट. गावं धानोऱ्याच्या वाटेवरची, माणसं पानं, मोहफुलं आणि धानावर जगणारी. त्यांना वाटतं मी मालिश करते. म्हातारीला उजव्या अंगाचा लकवा झाला होता. पहिले दोन महिने घरच्यांनी कबुतराचं रक्त चोळण्यात घालवले, मग तिला सुनेच्या खांद्यावर टाकून इथे आणलं.

अशा खोलीत तुम्ही कधी बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथे सगळे आपापलं दुखणं कुरवाळत बसलेले असतात. म्हातारी तेवढं करू देत नसे. एका मास्तरांचा खांदा आखडला होता. भिंतीवर बोटं चढवताना ते कण्हायला लागले.

"मास्तर, पोरायले मारताना तर बरा उठत होता हात," ती म्हणाली. मास्तरांनी रागानं हात उचलला तो आदल्या दिवसापेक्षा वीतभर वर गेला.

गुडघे धरून आलेल्या एका ठेकेदाराला तिनं विचारलं, "भाऊ, घुडघ्याले काऊन शिव्या देता? वरचं ओझं कमी करा ना." मी हेच गोड भाषेत सांगायच्या बेतात होते.

स्वतःच्या व्यायामात मात्र ती चुकारपणा करत नसे. हातात चेंडू दिला तर "पोरायले दे" म्हणून फेकला, पण फडक्याला पीळ द्यायला दिल्यावर घाम फुटेपर्यंत देत राहिली. उजवा हात फारसा आला नाही, पाय मात्र आला. डाव्या हातात काठी धरून ती चालायला लागली, तेव्हा मी तोलाचे धडे सुरू केले. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकायचं, काठी जमिनीवरून उचलायची आणि तशीच उभी राहायची. पडण्याची भीती जायला यासारखा उपाय नाही.

एका सोमवारी सून आली ती उजव्या हाताला प्लास्टर घालून.

"काय गं, पडलीस?"

"नाई मॅडम. बुढीनं हाणलं. आंबिल पातळ झाली म्हणून. मी हात आडवा घातला."

"काठीनं? पण ती काठीशिवाय उभी कशी राहिली?"

"तुमीच शिकवली ना. काठी उचलली, दोनी पायावर सारखी उभी राह्यली अन् हाणली. हालली बी नाई."

खरं सांगते, माझ्या मनात आधी आलं ते, तोल जमला. हाडाचा विचार मागून आला.

म्हातारी शेजारच्या खुर्चीवरच होती. "तिचं हाडच कच्चं आहे," ती म्हणाली. "मायनं दूध पाजलं नाई."

तक्रार करायची का, असं मी सुनेला बाजूला घेऊन विचारलं. "करून जाऊ कुठी?" एवढंच ती बोलली.

प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, हात मात्र वळत नव्हता. तळहात वर करायला सांगितलं की तो अर्ध्यावर अडायचा. प्लास्टरनंतर सांधे आखडतात, रोज वळवले की सुटतात, त्यात नवल नाही. पण तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम तोंडावर होता. पहाटे पानं तोडायची, दुपारी सगळ्या घरानं बसून त्यांचे पुडे बांधायचे. पुड्याला सालीची दोरी गुंडाळून गाठ आवळायची ती मनगटाच्या वळणावर. हात वळला नाही तर पुडा बांधला जात नाही, आणि मजुरी पुड्यावर मिळते.

"हात नाई चालला तर पोरगा दुसरी आणीन," म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली. पोरगा दारात उभा होता. त्यानं ना मान हलवली, ना नकार दिला. सुनेनं आखडलेला हात पदराखाली घेतला.

त्या दिवसापासून दोघींचे व्यायाम एकाच वेळी सुरू झाले. पुढच्या खेपेला म्हातारीनं घरून पत्रावळीच्या वाळल्या पळसपानांची चवड आणि दोरी आणवली. सुनेपुढे टाकून म्हणाली, "बांध."

सून बांधायची. म्हातारी डाव्या हातानं पुडा ओढायची, गाठ सुटायची, पानं फरशीवर पसरायची.

"परत बांध."

"दुखते."

"मी रडली का? परत बांध."

एकदा ती सुनेचं मनगट धरून पिरगाळायला गेली. मी तिचा हात झटकला. "आजी, दुखतं तिथवर न्यायचं, अजून थोडं पुढे. किंचाळेल तिथवर नाही."

"किंचाळल्याबिगर कोणाचं काय सुटलं आहे?" ती म्हणाली. पण पुन्हा हात लावला नाही. पानं मात्र फरशीवर पडतच राहिली. मी दिलेले व्यायाम सून घरी करायची की नाही कोण जाणे, पण म्हातारीपुढे तिची टाळाटाळ चालत नव्हती.

हंगामाच्या तोंडावर एक दिवस म्हातारीनं पुडा ओढला, तो सुटला नाही. दोरी दातात धरून ओढली. तरी नाही. तिनं पुडा सुनेच्या अंगावर फेकला.

"जा. जाय पत्त्याले."

कौतुक म्हणतात ते तिच्याकडून मी ऐकलेलं एवढंच. सुनेनं पुडा पदरात घेतला आणि डोळे पुसले. त्यानंतर दोघी आल्या नाहीत. हंगामात कोणीच येत नाही.

आज सून एकटी आली, हातात काठी घेऊन.

"बुढी गेली मॅडम. आमी सारे जंगलात होतो. दुपारी येऊन पाहतो तर जमिनीवर पडून. चांगला हात कोपऱ्याकडं लांब केलेला."

"कोपऱ्यात काय होतं?"

तिनं काठी माझ्या टेबलाला टेकवली. "हे. मी रोज तिथीच ठेवून जात होती. घरी आली की देत होती."

पुन्हा झटका आला होता, की काठीकडे जाताना ती पडली होती, ते पाहायला घरात कोणी नव्हतं. काठी कोपऱ्यात का, ते मी विचारलं नाही.

"हात दाखव," मी म्हटलं.

तिनं उजवा तळहात वर केला, मग खाली. पूर्ण वळत होता.

"एकबी गाठ सुटली नाई औंदा," ती म्हणाली आणि निघून गेली.

दहा जून. सकाळी लकव्याचा एक माणूस आला, सोबत बायको होती. मी काठीला नवी रबरं बसवली, उंची त्याच्या मनगटाला जुळवली आणि त्याच्या चांगल्या हातात दिली. मग बायकोला सांगितलं, "घराबाहेर जाशील तेव्हा काठी यांच्या हाताला लागेल अशी ठेवून जायची."

"लई रागीट आहे मॅडम हा माणूस."

"तरी," मी म्हटलं.