रुमालाखालचा भाव

हाती आलेली कोणतीही वस्तू सोनाजीमामा आधी चिमटीत धरत आणि डोळे मिटून ओढून पाहत. कापसाचा तंतू, म्हणजे तार, जितकी लांब तितका माल चांगला. म्हणून कापूस तर पाहतच, पण भाकरी, लुगडे, एकदा तर नवऱ्या मुलाची शेंडीसुद्धा! "तार निघते का पाहून राहिलो," म्हणत. मुलांनो, माझ्या आईच्या या थोरल्या भावानेच मला वाढवले.

तेव्हा अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अकोल्याच्या बाजारात माल न विकता मामा थेट मुंबईच्या कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाकडे निघाले. मलाही बरोबर घेतले. "सौदा जमला तं तुले तठीच शाळेत ठेवतो, पोरी. नाही जमला तं वापस चाल, लगन करून टाकू."

साहेबाने बंदराजवळच्या मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावले. वर झुंबरे, खिडकीबाहेर गलबतांच्या डोलकाठ्या आणि समोर अख्खे पापलेट! मामांना माहीत आमच्या पूर्णा नदीतले मासे. "हा असा चपटा कसा? याच्यावर कोनी बसलं होतं काय?" मध्यस्थ म्हणून आलेला पारशी दलाल हसून लाल झाला. मग शिंपल्यातली कालवे आली. "दगड काहून वाढून राहिले बे?" तरी मामांनी एक तोंडात टाकले, डोळे मिटले. "तार नाही, पन माल चांगला हाये!"

प्रत्येक ताटाशेजारी पांढऱ्या कापडाची घडी होती. मामांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाह्य पोरी, हरेकाले रुमाल! म्हंजे ही सौदेवाल्याईची खानावळ हाये."

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघे रुमालाखाली हात धरत आणि बोटे दाबून आकडा सांगत. भोवतीच्यांना काही कळत नसे.

साहेबाने दलालामार्फत भाव विचारला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे व्यापारी कान टवकारून बसले होते. मामांनी रुमाल उलगडला, साहेबाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटे धरली. साहेब दुसऱ्या हातातल्या काट्यासकट थिजला! दलालाने घाईघाईने त्याच्या कानात सगळी रीत समजावली. साहेबाच्या मिशा हलल्या, मग रुमालही हलला. मामांनी मान हलवली. नाही! रुमाल पुन्हा हलला. मामांचा चेहरा दगडासारखा. पुन्हा हलला.

मामांनी रुमाल झटकन उचलला. "झालं. खाय आता, मासा थंडा होऊन राहिला."

"मामा, शाळा?"

त्यांनी तोच रुमाल माझ्या हातावर टाकला आणि माझी बोटे दाबली. सौदा पक्का झाल्याची ती खूण त्यांनीच मला बाजारात शिकवली होती. मी आनंदाने ओरडणार, तोच म्हणाले, "चूप! रुमालाखालचं रुमालाखालीच."

शाळेच्या फाटकाशी मला सोडताना त्यांनी माझी वेणी चिमटीत धरली, डोळे मिटून ओढली. "लांब तार हाये," म्हणाले आणि मागे न पाहता गेले.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्या सौद्याचा भाव अकोल्यात कितीकांनी मला विचारला. मी कुणालाच सांगितलेला नाही. तुम्हाला हवा असेल, तर माझ्या घरी याल तेव्हा जेवायला माझ्या शेजारी बसा, रुमाल उलगडा आणि हात पुढे करा.