मुळाशी टाकलेला रुमाल

कंडक्टर आक्का माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या खताचा वास घ्यायची. कुणी मूठभर शेणखत घेऊन आलं की ती पिशवीत नाक घाली. मातीचा वास आला तर खुर्ची मिळे. शेणाचा आला तर, "कच्चं हाय. उतरा खाली." एसटीतून निवृत्त होऊन ती वळसंगला धाकट्या भावाकडे, तात्यांकडे, राहायला आली. तिचा आवाज निवृत्त झाला नव्हता.

बहीणभावाच्या डाळिंबाच्या बागेत मर रोग शिरला होता. मातीतली बुरशी मुळांत घुसते, एक फांदी पिवळी पडते आणि उभं झाड वाळतं. सगळी बाग उपटायची म्हणून तात्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला. आक्काने तो हातातून काढून घेतला.

"वाळलेली काढ. ती काय उठत न्हाईत. हिरव्याला हात लावलास तर तुलाच उपटीन."

एक हंगाम तिने मागून घेतला.

कृषी केंद्रातल्या एका ताईंनी तिला ट्रायकोडर्माची भुकटी दिली होती. ही रोगाच्या बुरशीला दाबणारी बुरशी. कुजलेल्या शेणखतात ती कशी वाढवायची, तेही त्यांनीच शिकवलं. आक्काने त्याची एसटी केली. "गाडी लागली की खिडकीतनं रुमाल टाकता न्हवं? तसंच. आपली बुरशी आदी बसवायची. रोगाची आली की उभीच राहती."

"आन् भांडली तर?" आम्हा शेजाऱ्यांपैकी कुणी तरी विचारलं.

"आपली लई भांडकुदळ हाय. म्हणून तर आणली."

खताचा ढीग सावलीत, ओल्या पोत्याखाली असे. त्याला ती गुळाचं पाणी शिंपडी. आम्हाला अर्धा कप चहा, तोही अगोड. तक्रार केली तर म्हणे, "तुमी मुळं राखता व्हय?"

ढिगावर हिरवट पांढरा थर आला तेव्हा तिने ते खत झाडाझाडाच्या बुंध्याशी घातलं आणि शेवटच्या झाडापाशी, गाडी सोडताना ओरडावं तशी, "डबल!" म्हणून ओरडली. दुसऱ्या दिवशी तिची आंघोळ होईपर्यंत निम्मी बाग निळी झाली होती. तात्यांनी मदत म्हणून मोरचुदाचं निळं बुरशीनाशक ओतलं होतं.

"मी गाडी भरून दिली, आन् तू सगळ्यांना खाली उतरवलंस?"

"मला वाटलं, दोन्ही मिळून लवकर..."

"बुरशीनाशक हाय ते. त्याला आपली-परकी कळती व्हय?"

पुढे काही दिवस ती तात्यांशी आमच्यामार्फत बोलली. मग नवा ढीग लावला आणि तो हलवायचं काम रोज तात्यांना दिलं. वाळलेली झाडं गेली. उरलेली बहुतेक तगली. जेसीबी आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आक्का झोपेत गेली. राख सावडल्यावर तात्या मडकं घेऊन थेट खताच्या ढिगाकडे निघाले. तिला तिथेच बरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पोतं उचललं आणि ते थांबले. राखेच्या खारानं बुरशी मरते, म्हणून ढिगात राख टाकायला आक्काची सक्त मनाई होती. चुलीतली चिमूटभर पडली तरी ती घर डोक्यावर घेई.

"मेल्यावरबी खाली उतरवती," तात्या म्हणाले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

राख त्यांनी बांधावर पसरली. मग वाळक्या झाडाच्या रिकाम्या खड्ड्यात दोन पाट्या खत घातलं, पाणी शिंपडलं, वर ओलं पोतं अंथरलं आणि शेजारी बसून राहिले. रोप अजून आणायचं होतं.